लेगगार्डखालचा तडा

समोरचा ब्रेक दाबला की ‘टक्’ असा एक आवाज यायचा. सोडला की पुन्हा एक, जरा बारीक. गाडी जुनी, एका सिलिंडरची, फोर स्ट्रोक, पंधरा वर्षं कधीच उलटून गेलेली आणि पासिंग वाढवून घेत चालवलेली. अशा गाडीत एखादा आवाज कमी झाला तर उलट काळजी वाटते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं जे निघालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता, आणि नाव वाचलं की माणसं त्या गाडीबद्दलची आपली मतं काढून बसतात.

आवाजाच्या जोडीला आणखी एक लक्षण होतं. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाताना कळे ओलांडलं की उजव्या वळणात मागचं चाक जरा उशिरा वळतंय असं वाटायचं. डाव्या वळणात तसं काही नाही. सरळ रस्त्याला साठच्या पुढं हँडलची पकड सैल केली तर हाताला बारीक थरथर लागायची. ही सगळी लक्षणं टायरची असू शकतात, कोन सेटची, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्याची, असू शकतात, चाकांच्या बेअरिंगची किंवा मागचं चाक धरणार्‍या चिमट्याच्या बुशाची असू शकतात. चासीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, नाव या यादीत शेवटी येतं, कारण तिथं काही झालं असेल तर काम वाढतं आणि ते कुणालाच नको असतं.

उद्यमनगरातले माझे नेहमीचे मिस्त्री यादी वरून सुरू करणारे आहेत. “साहेब, कोन गेलाय ह्येचा,” म्हणाले. खोलला तर खरंच गेला होता. छर्‍यांनी वाटीत खड्डे पाडले होते, हँडल मधोमध आलं की खाचेत बसल्यासारखं अडकायचं. नवा कोन सेट घातला, हँडल लोण्यासारखं फिरायला लागलं. आवाज तसाच. मग चाकांची बेअरिंग बघितली, आरे ताणले, चिमटा हाताने आडवा हलवून बघितला. चिमट्याचे बुश थोडे झिजले होते, तेही बदलले. उजव्या वळणातला उशीर किंचित कमी झाला. ‘टक्’ होताच.

इथं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुन्या गाडीत एका लक्षणामागं दोन-तीन कारणं एकदम असतात. एक सापडलं, त्यात खरोखर झीज दिसली, की शोध थांबतो. मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत तपासणी विभागात आहे. कास्टिंगमध्ये एक दोष सापडला म्हणून पुढची तपासणी सोडायची नाही, ही तिथली रोजची सवय. ती सवय गॅरेजात घेऊन गेलं की मिस्त्री वैतागतात, पण आमचं जमतं.

गाडीचं पुढचं चाक भिंतीला टेकवलं. मिस्त्री सीटवर बसून ब्रेक दाबून गाडी पुढं-मागं ढकलायला लागले आणि मी खाली बसून एकेका जोडावर बोट ठेवत गेलो. बोट असं ठेवायचं की अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसर्‍यावर. पाव मिलिमीटर हालचालसुद्धा बोटाला कळते, डोळ्याला कळत नाही. नेकपाशी, म्हणजे कोन सेट बसतो त्या नळीपाशी, काही नाही. शॉकअपला थोडं, पण ते नेहमीचं. नेकपासून इंजिनाकडं जो उतरता पाइप जातो त्याला वरच्या बाजूला लेगगार्डचा पट्टा आवळलेला होता. त्या पट्ट्याच्या कडेला बोट ठेवलं आणि आवाजाबरोबर बोटाखाली काहीतरी सरकलं.

“हितं हलालंय,” मी म्हणालो.

“गार्ड सैल असंल,” मिस्त्री म्हणाले. बोल्टला पाना लावून बघितला तर गार्ड घट्ट. पट्ट्याच्या खालून काळ्या रंगावर तपकिरी ओघळ आला होता, चिखलाच्या डागासारखाच दिसणारा. बोटाने पुसला तर पीठ निघालं. लालसर, अगदी मऊ, चिमटीत धरलं की तेलकट लागणारं. चिखल असा मऊ नसतो. लोखंडाचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत राहिले आणि मधे पाणी शिरत राहिलं की असं पीठ तयार होतं. गाडीच्या कुठल्याही जोडातून हे पीठ येताना दिसलं तर तिथं काहीतरी हलतंय असं धरून चालावं.

गार्ड काढला. पट्ट्याखाली पाइपाला अर्धा वेढा घालून एक काळी रेघ होती.

आता रंगाला गेलेला तडा आणि लोखंडाला गेलेला तडा यांतला फरक ओळखायचा होता. रंगाच्या भेगेच्या कडा उचललेल्या असतात, नखाने पापुद्रा निघतो, आणि ती वाटेल तशी वाकडीतिकडी फुटत जाते. लोखंडाचा तडा शिस्तीत जातो. वेल्डिंगच्या कडेकडेने किंवा पाइपाला वेढा घालत, ताणाच्या दिशेला आडवा. रंग बेतानं काढायचा. इथं लोक सरळ ग्राइंडरला वायर ब्रश किंवा फ्लॅप डिस्क लावतात आणि घोळ होतो. फिरत्या ब्रशाने लोखंडाचा वरचा थर तड्याच्या तोंडावर लिंपला जातो आणि बारीक तडा अक्षरशः झाकून जातो. पेंट रिमूव्हर लावून, हातातल्या ब्रशाने, सावकाश. पाइप उघडा झाल्यावर रेघ डोळ्यालाही दिसत होती, पण ती कुठं संपते ते दिसत नव्हतं. दुरुस्तीत खरं महत्त्व तड्याच्या टोकांना असतं.

फाउंड्रीत आम्ही रोज डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट, टेस्ट करतो. तीन डबे येतात: क्लीनर, लाल पेनिट्रंट, पांढरा डेव्हलपर. जागा क्लीनरने धुऊन कोरडी करायची. लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, तेवढ्या वेळात तो केसाएवढ्या फटीतही शिरतो. मग पुसायचं, पण क्लीनर कापडावर घेऊन. थेट फवारला तर फटीतलाही रंग धुऊन जातो आणि तडा असून ‘नाही’ असा निकाल येतो. शेवटी डेव्हलपरचा पातळ थर. तो सुकला की टिपकागदाचं काम करतो आणि आतला लाल रंग बाहेर ओढून घेतो. डबे नसतील तर जुनी गावठी पद्धत आहेच. रॉकेल लावून ठेवायचं, स्वच्छ पुसायचं आणि वर खडूची पूड फासायची. तड्यावर ओली रेघ उमटते. मोठ्या तड्याला ते पुरतं, टोकं शोधायला पुरत नाही.

पांढर्‍या थरावर आधी एक ठिपका आला. मग त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला लाल रेघ पसरत गेली. पाइपाच्या पुढच्या बाजूने सुरू होऊन डावीकडून जवळजवळ मागपर्यंत. निम्म्याहून जास्त पाइप सुटला होता. मिस्त्री बघतच राहिले. “आयला, ह्यावर घाट चढवत हुता तुम्ही?” सगळी चासीच तपासायची म्हणून पुढच्या इंजिन माउंटिंगच्या पट्टीलाही डबे मारले. तिथं वेल्डिंगच्या कडेला नखाएवढी दुसरी रेघ निघाली.

ही दुसरी रेघ मला पहिलीपेक्षा मोलाची वाटली.

मिस्त्र्यांचं निदान तयार होतं. गाडी आधी पन्हाळा तालुक्यातल्या एका दूधवाल्याकडं होती. मागं दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचा एकेक कॅन. दूध पाण्यापेक्षा जरा जड, म्हणजे नुसतं दूधच ८२ किलोच्या पुढं, वर कॅनचं आणि अँगलच्या सांगाड्याचं वजन. “दुधानं खाल्लीया चासी,” ते म्हणाले. पण कॅन मागच्या चाकावर लटकायचे. त्या ओझ्याने तडा जायचा तर तो मागं जाईल, सीटखालच्या पाइपाला किंवा मागच्या शॉकअपच्या कानाला, म्हणजे तो चासीला जिथं अडकवतात तिथं. नेकच्या खाली, पुढं, कसा जाईल? मागचा सगळा भाग डीपीने तपासला होता, तिथं काही नव्हतं.

उतरत्या पाइपावर काय काय येतं ते जरा बघू. पुढचे शॉकअप पुढं तिरके असतात. पुढचं चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की शॉकअपचं खालचं टोक पुढं जायला बघतं आणि नेकच्या खालच्या अंगाला धरून उतरता पाइप ताणला जातो. ब्रेक मारला की चाक मागं ढकललं जातं, आता तोच पाइप दाबला जातो. ताण, दाब, ताण, दाब. एकेक झटका पाइपाला सहज पेलणारा असतो, पण तो पुन्हा पुन्हा बसतो. त्यात इंजिनाची थरथर. ३००० आरपीएमला तासभर गाडी चालली तर इंजिन १ लाख ८० हजार फेरे घेतं. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरने आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून हेच दाखवलं. एका झटक्यात न मोडणारं लोखंड अनेक झटक्यांनी मोडतं. मात्र पोलादाच्या बाबतीत एक पातळी अशी असते की त्याखालचे झटके कितीही बसले तरी चालतं. कारखान्यात चासी आखतात ती या पातळीच्या खाली राहील अशी. मग ही वर कशी गेली?

उत्तर त्या नखाएवढ्या रेघेपाशी होतं. माझ्या गाडीच्या चासीला इंजिनाखालून जाणारा पाइप नाही. उतरता पाइप इंजिनापाशी संपतो आणि पाइपांची पुढची साखळी इंजिनच पूर्ण करतं. म्हणजे इंजिन हाही चासीचाच एक भाग, आणि त्याला धरून ठेवणारा पुढचा बोल्ट हा त्या साखळीचा सांधा. लेगगार्डचं खालचं टोक याच बोल्टवर अडकवलेलं होतं. गार्डच्या पट्टीची जाडी आल्यावर मूळ बोल्ट आखूड पडला असणार. मिस्त्र्यांनी बोल्ट ठोकून बाहेर काढला आणि मी व्हर्निअर लावला. साडेनऊ मिलिमीटर. भोक दहाचं. कुणीतरी बाजारातला लांब तीन सुती, म्हणजे तीन-अष्टमांश इंची, बोल्ट घालून गार्ड बसवून दिला होता. वर तो बोल्ट शेंड्यापासून डोक्यापर्यंत आट्यांचा, म्हणजे भोकात टेकत होते ते आट्यांचे शेंडे. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या मोकळेपणात इंजिन आपटत राहिलं, भोक अंडाकृती झालं, पट्टीच्या कडेला तडा गेला आणि साखळी सैल झाल्यावर सगळं ओझं उतरत्या पाइपाच्या वरच्या टोकावर गेलं. तिथं नेमका गसेट संपतो. नेकला बळकटी द्यायला जो तिकोनी पत्रा लावलेला असतो त्याचं टोक. ताठ भाग संपून लवचिक भाग सुरू होतो अशा जागी ताण गोळा होतो, आणि त्याच जागेवर गार्डचा पट्टा आवळलेला. वर गार्डवर दोन जादा दिवे, ते हादरे देणार. पट्ट्याखाली पावसाचं पाणी साठून पाइप गंजलेला.

दूधवाल्याला मिस्त्र्यांनी तिथल्या तिथं माफ केलं नाही, पण बोल्ट हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघत होते.

चासी बदलावी का, हा विचार केला. नवी मिळत नाही. भंगारातून आणली तर तिच्यावर दुसर्‍या गाडीचा नंबर असतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. चासी बदलायची तर आरटीओची परवानगी, बिलं, तपासणी. आणि भंगारातली चासी कुठल्या गाडीची, ती गाडी कशी भंगारात आली, हे विकणारा सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. माझ्या गाडीचा नंबर नेकवर ठोकलेला आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवताना त्याचा पेन्सिलने ठसा घेतात, म्हणून पेंट रिमूव्हर लावतानाही त्या जागेवर आधी चिकटपट्टी मारली होती. त्या नंबरावर कानस, ग्राइंडर, पुट्टी, जाड रंग, काही म्हणजे काही लागू द्यायचं नाही. तडा नेकमध्येच असता तर मी दुरुस्ती केली नसती, गाडी मोडीत काढली असती. अ‍ॅल्युमिनियमची चासी असती तरी रस्त्यावरच्या वेल्डरकडं गेलो नसतो. तिचं उष्णतेनं वेगळंच काहीतरी होतं, वेल्डिंगच्या शेजारची ताकद उतरते. ही साध्या पोलादाची होती, तडा सरळ पाइपात होता, नंबरापासून लांब होता. दुरुस्तीजोगा.

गॅरेजच्या जवळच एक वेल्डिंगवाला आहे. गाडी न खोलता, टाकीवर ओलं पोतं टाकून, “धा मिन्टात कांडी मारतो” म्हणाला. टाकीत पेट्रोल असताना. त्याला नमस्कार केला.

तड्यावर नुसता टाका मारला तर काय होतं ते फाउंड्रीच्या दुरुस्ती विभागात रोज दिसतं. तड्याची टोकं आत तशीच राहतात आणि वरच्या भरावाखालून पुढं सरकतात. किमान एवढं तरी हवं: दोन्ही टोकांपलीकडं तीनएक मिलिमीटरचं भोक, म्हणजे टोक बोथट होतं, मग तडा पूर्ण खोदून व्हीचा गाळा करायचा आणि तळापासून भरत यायचं. सरळसाध्या तड्याला हे पुरतं. माझ्याकडं दुसरी अडचण होती. कारखान्यातलं जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक यंत्र लावून बघितलं तर पाइप चांगल्या जागी दोन मिलिमीटरच्या आसपास होता आणि पट्ट्याखाली गंजाने दीडच्याही खाली आला होता. अशा पातळ जागेवर वेल्डिंग म्हणजे भोक पडणार, किंवा पडलं नाही तरी शेजारी पुन्हा फुटणार. तेवढा तुकडा कापून काढायचा आणि नवा घालायचा, आतून नळी देऊन, असं ठरलं.

आतून द्यायच्या नळीला सगळे स्लीव्ह म्हणतात. ती उद्यमनगरात लेथवर काढून घेतली. बाहेरचा व्यास पाइपात हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही असा. टोकं सरळ न कापता तिरकी, माशाच्या तोंडासारखी. सरळ कापली तर स्लीव्ह संपते तिथं पाइपाला गोल वेढा घालून पुन्हा तोच ताठ-लवचिक सांधा तयार होतो. आत घालून बघितली तर जाईना. लेथवाल्याने माप चुकवलं म्हणून मिस्त्री भांडायला निघाले होते. चासीचा पाइप पट्टी गोल वळवून लांबीत जोडलेला असतो, त्या जोडाची शीर आत वर आलेली असते, ती अडवत होती. स्लीव्हला लांबीभर कानशीने एक खाच केली, शीर खाचेत बसली, नळी सरकली.

दुसरा पेच असा की कापलेली फट साठ मिलिमीटरची आणि स्लीव्ह तिच्या दुपटीहून लांब. ती घालायची कशी? आधी सगळीच्या सगळी खालच्या पाइपात ढकलून द्यायची. मग फटीत नवा तुकडा बसवायचा आणि खालच्या पाइपाला प्लग वेल्डिंगसाठी, म्हणजे बाहेरून आतली नळी जोडण्यासाठी, केलेल्या लांबट भोकातून पोगर घालून स्लीव्ह टिचकी-टिचकीने वर सरकवायची, दोन्ही सांध्यांच्या मागं सारखी येईपर्यंत. खुणा आधीच बाहेरून मारून ठेवल्या होत्या.

पण हे सगळं कापण्याच्या आधी चासी सरळ आहे का ते बघणं आलं. गाडी चाकांवर असतानाच मागच्या टायरला दोन्ही अंगांनी दोरी ताणून पुढच्या टायरपर्यंत आणली होती. दोन्हीकडचं अंतर सारखं आलं. इंजिन उतरवल्यावर चिमट्याच्या भोकातून एक सळई आणि नेकमधून एक सळई घालून, चिमट्याची सळई लेव्हलने समतल करून, समोरून नेकच्या सळईवर ओळंबा सोडला. किंचित फरक, दुर्लक्ष करण्याइतका. उजव्या वळणातला उशीर म्हणजे वाकलेली चासी नव्हती, उघड-मीट करणारी चासी होती. मग भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा रिकामा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं नुसतं कवच, आणला आणि इंजिनाच्या जागी नव्या, नेमक्या बोल्टांनी कसून बसवला. वेल्डिंग थंड होताना आक्रसतं आणि पाइप ओढतं. क्रँककेस असेल तर चासीला जागा सोडता येत नाही. वरून नेक ते मागचा भाग असा एक जाड अँगल तात्पुरता बोल्टने बांधला. मगच पाइप कापला.

कापलेल्या तुकड्याचा तडा हाताने वाकवून पूर्ण उघडला. हा भाग प्रत्येकाने बघावा असा असतो. तडा सुरू झाला होता पट्ट्याच्या कडेला, पुढच्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढ्या गंजक्या खड्ड्यातून. तिथून गुळगुळीत, काळपट भाग आणि त्यावर एकात एक बारीक कमानी, प्रत्येक कमान म्हणजे तडा जिथं काही काळ थांबला ती जागा. पुढं कमानी विरळ होत गेलेल्या, म्हणजे वेग वाढत गेलेला. शेवटी मी आत्ता हाताने फोडलेला भाग, चमकदार आणि खरखरीत. काळा भाग सगळ्यात जास्त होता.

वेल्डर मामा आर्गनचं काम करतात. आपल्याकडं टिग वेल्डिंगला सगळे आर्गनच म्हणतात. मामांनी पहिल्यांदा मला बाहेर काढलं, कारण मी सूचना देत होतो. मग पाइप दोन्हीकडं बोटभर रुंदीचा पांढरा होईपर्यंत घासला, आतूनसुद्धा, आणि अ‍ॅसिटोनने पुसला. तुकडा आणि पाइप यांत थोडी फट ठेवली, म्हणजे रस स्लीव्हपर्यंत उतरतो आणि तिन्ही एक होतात. चार बाजूंना चार टाके. पुन्हा ओळंबा. मग एका बाजूला इंचभर, थांबून समोरच्या बाजूला इंचभर. नव्वदच्या आसपास अँपिअर, ७०एस-६ची १.६ मिलिमीटरची तार. पंखा बंद, दार लोटलेलं. वार्‍याने आर्गन उडाला तर वेल्डिंगला बारीक छिद्रं पडतात. पाइपाला खाली एक बारीक भोक उघडं ठेवलं होतं, नाहीतर आतली तापलेली हवा शेवटचा टाका बंद होताना त्यातूनच फुटून बाहेर येते.

“पाणी मारू का?” पोर्‍याने विचारलं. मामांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

माउंटिंगची पट्टी काढून नवी लावली, भोक दहाच्या रीमरने साफ केलं. जुना गसेट ठेवला पण त्याचं टोक लांबवून निमुळतं केलं आणि टोकाला पाइपावर आडवा टाका मारू दिला नाही. बाजूबाजूने वेल्डिंग, टोक मोकळं. आडवा टाका हे तड्याला दिलेलं आमंत्रण. मिस्त्र्यांना तिथं चार मिलिमीटरची जाड पट्टी अजून लावायची होती, “बळकट हुईल.” जितकी जाड पट्टी तितका तिच्या टोकाला ताण. तिथं पुढचा तडा गेला असता. ही गोष्ट त्यांना पटली नाही, अजूनही पटलेली नाही.

दुसर्‍या दिवशी थंड पाइपावर पुन्हा डीपी. एक बारीक ठिपका आला, वेल्डिंग संपवलं त्या जागी छोटा खड्डा राहिला होता. मामांनी तेवढं खोदून पुन्हा भरलं. पुन्हा डीपी, पांढरं.

रंगवाला वेल्डिंग घासून सपाट करून वर पुट्टी फिरवायच्या बेतात होता. “दिसणारच न्हाई दादा, कंपनीचं वाटंल.” मला ते दिसायलाच हवं होतं. भराव सपाट केला तर जाडी जाते, आणि पुट्टीखाली पुन्हा तडा आला तर कळणार कधी? पातळ प्रायमर आणि पातळ काळा रंग. पाइपाच्या आत भोकातून तेल सोडून चासी उलटीपालटी केली आणि भोकाला रबरी बूच बसवलं.

इंजिनाला आता ८.८ ग्रेडचा, भोकात बसणारा भाग आट्यांविना असलेला दहाचा बोल्ट आहे. सगळे इंजिन बोल्ट आधी हाताने घातले आणि शेवटी एकदम आवळले, म्हणजे कुठला एक बोल्ट चासीला ओढून धरत नाही. थोडी गाडी चालल्यावर पुन्हा पाना लावला, पुढचा पाव फेरा आवळला गेला. लेगगार्ड आता नाही. कुणाला हवाच असेल तर पाइपावर पट्टा आवळून नको, आणि इंजिनाच्या बोल्टवर अडकवला तर तो बोल्ट मापाचा आहे का ते व्हर्निअर लावून बघा.

‘टक्’ गेला. उजवं वळण डाव्यासारखं झालं. पावसाळा काढून पुन्हा डीपी मारली, रेघ नाही.

गाडी दूधवाल्यांकडून घेतली होती म्हणून त्यांना फोन करून विचारलं, गार्ड कुणी बसवला होता. त्यांना आठवत नव्हतं. तडा कुठं निघाला ते ऐकल्यावर मात्र म्हणाले, “आवो, आत्ताची गाडी बी ब्रेक मारला की कटकट करत्या मागनं.” मागं काय बांधता, विचारलं. तेच, चाळीसचे दोन कॅन. दूध घालून परतताना गॅरेजवर आले. कॅनचा सांगाडा उतरवला आणि डबे मारले, तर डाव्या शॉकअपच्या कानापाशी लाल रेघ. नेमकी मिस्त्री म्हणत होते तिथंच. मिस्त्री माझ्याकडं बघून म्हणाले, “दुधानंच की ओ साहेब,” आणि सीटचे बोल्ट खोलायला लागले.